गळाच्या मासेमारीसाठी खुर्ची निवडताना : आधी काठ, मग उंची, वजन सर्वांत शेवटी

मासेमारीची खुर्ची घेताना बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी खुर्ची उचलून पाहायची, हलकी वाटली की मिनिटभर बसून पाहायचे, कापड चाचपायचे आणि पैसे देऊन मोकळे व्हायचे. हीच खुर्ची पुढे ओल्या काठावर एका बाजूने रुतते, तासाभरात मांड्यांना मुंग्या आणते किंवा दुसऱ्या हंगामात कोपऱ्याच्या शिवणीपाशी फाटते. मग दोष कारागिरीला दिला जातो. अनेकदा खुर्ची वाईट नसते, ती त्या काठासाठी आणि त्या माणसासाठी नसते.

हलकेपणा खुर्चीत वरून घालता येत नाही, तो कशातून तरी काढून घ्यावा लागतो. पायांची लांबी, नळीचा व्यास, पायांच्या टोकांवरच्या तळव्यांचा पसारा, पाठीची उंची, कापडाचा दुसरा थर यांपैकी काहीतरी कमी केल्याशिवाय वजन उतरत नाही. त्यामुळे ‘किती हलकी आहे’ यापेक्षा ‘हलकेपणा कुठून आणला आहे आणि तिथली काटकसर मला चालेल का’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर मिळावे अशा बेताने पुढील टप्पे लावले आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नये.

## टप्पा 1 : खुर्ची पाहण्याआधी लिहून काढायच्या गोष्टी

दुकानात किंवा संकेतस्थळावर जाण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. मनात ठेवलेली उत्तरे समोर आकर्षक खुर्ची आली की बदलतात.

1. वाहन उभे करण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत किती चालावे लागते, आणि ती वाट सपाट आहे की चढउताराची?
2. बसण्याची जागा कशी आहे? मऊ चिखल, वाळू, गवताळ उतार, खडक, लाकडी धक्का की नाव?
3. एका जागी सलग किती वेळ बसणे होते? तास-दीड तास, अर्धा दिवस की रात्रभर?
4. रॉड हातात असतो की आधारावर ठेवलेला असतो?

चौथा प्रश्न सर्वाधिक वेळा विसरला जातो. तरंगीवर (दोरीला बांधलेल्या तरंगत्या खुणेवर) नजर ठेवून रॉड सतत हातात धरणाऱ्याला ताठ बसता यावे लागते आणि दोन्ही कोपरे मोकळी लागतात. रॉड आधारावर ठेवून मासा लागण्याची वाट पाहणारा मागे रेलून बसतो, त्याला उंच पाठ आणि हातांना टेके हवे असतात. या दोघांनी एकमेकांना खुर्चीची शिफारस केली, तर दोघेही प्रामाणिक असूनही दोघांचीही खरेदी चुकते.

जागा एकाहून अधिक प्रकारच्या असतील, तर ज्या जागी वर्षातून सर्वाधिक वेळा बसणे होते ती प्रमाण मानावी. कधीतरी होणाऱ्या लांबच्या पायपिटीसाठी नेहमीच्या बैठकीचा आराम सोडणे शहाणपणाचे नाही.

## टप्पा 2 : स्वतःची मापे घेणे

या टप्प्याला पाच मिनिटे लागतात, आणि तो जवळजवळ कोणीच करत नाही. मासेमारीला वापरायचे बूट घालून कडक बाकावर किंवा स्टुलावर बसावे आणि दुसऱ्या कोणाकडून दोन मापे घ्यावीत.

पहिले माप : जमिनीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतची उंची. पाय जमिनीवर सपाट आणि गुडघा काटकोनात असावा. खुर्चीच्या बैठकीची पुढची कड या उंचीइतकी किंवा तिच्याहून दोन-तीन सेंटिमीटर खाली असावी. कड वर गेली, तर ती मांडीच्या खालच्या बाजूला रुतते, रक्तप्रवाहाला आणि नसांना अडथळा होतो आणि पाय बधिर होतात. बैठक फार खाली गेली, तर गुडघे कमरेच्या वर जातात, पाठीच्या खालच्या भागाचा नैसर्गिक बाक नाहीसा होऊन पाठ कमानीसारखी वाकते आणि कंबर भरून येते.

दुसरे माप : पाठ टेकलेली असताना पाठीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतचे अंतर. बैठकीची खोली या अंतरापेक्षा दोन-तीन बोटांनी कमी असावी. बैठक जास्त खोल असली, तर माणूस पाठीपर्यंत पोहोचतच नाही, पुढे घसरून बसतो, आणि उंच पाठीसाठी मोजलेले पैसे व वाहिलेले वजन दोन्ही वाया जातात.

इशारा : जाहिरातीत दिलेली बैठकीची उंची बहुधा रिकाम्या खुर्चीची असते. माणूस बसला की ताणून बसवलेले कापड काही सेंटिमीटर खाली झुकते, पुढची कड मात्र तितकी झुकत नाही. म्हणून कडेची उंची आणि बसल्यावरची मध्यभागाची उंची या दोन वेगळ्या गोष्टी धराव्यात. कड कडक नळीची असेल आणि मध्य खोलगट असेल, तर कागदावर योग्य दिसणारी उंचीही मांडीला टोचते.

## टप्पा 3 : प्रकार ठरवणे

आता चार नोंदी आणि दोन मापे हातात आहेत. बाजारातल्या खुर्च्या ढोबळमानाने चार गटांत मोडतात, आणि यांपैकी दोन गट इथेच बाद करता आले पाहिजेत.

घडीचे स्टूल. पाठ नाही, वजन नगण्य. जागा सतत बदलत फिरणाऱ्याला आणि तास-दीड तासाच्या बैठकीला पुरेसे. तीन पायांचे स्टूल खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही, कारण तीन टोके कोणत्याही पृष्ठभागावर एकाच वेळी टेकतात. पण कडेकडे झुकले की ते चार पायांच्या स्टुलापेक्षा लवकर कलंडते.

सुट्या दांड्यांची खुर्ची. आतून लवचीक दोरी ओवलेल्या दांड्या एकमेकींत बसवायच्या आणि त्यांच्या टोकांवर कापड चढवायचे. वजन साधारण एक किलोच्या आसपास, घडी पिशवीत मावणारी. लांब चालणाऱ्यासाठी हीच योग्य. मात्र हिची बैठक बहुधा बरीच खाली असते, पायांची टोके बारीक असतात आणि पाय कमीजास्त करता येत नाहीत.

छत्रीसारखी मिटणारी खुर्ची. पाय फुलीच्या आकारात एकमेकांना छेदतात. झटकन उघडते, सपाट जमिनीवर आरामशीर वाटते आणि सर्वत्र मिळते. उताराच्या काठावर ती उपयोगाची नाही, कारण तिचा एक पाय लांब करता येत नाही. शिवाय सगळा भार फुलीच्या सांध्यांवर येतो आणि ते सैल झाले की खुर्ची बाजूला हलू लागते.

कमीजास्त होणाऱ्या पायांची काठाची खुर्ची. सपाट घडी होते, चारही पाय स्वतंत्रपणे लांब-आखूड होतात, टोकांना फिरते रुंद तळवे असतात. वजन साधारण चार किलोपासून सात-आठ किलोपर्यंत. अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त बसणाऱ्याने, काठ उताराचा किंवा मऊ असल्यास, इतर गटांकडे पाहूच नये असे माझे मत आहे. वजन जास्त वाटते, पण इथे ते नेमके पायांत आणि तळव्यांत गेलेले असते, म्हणजे जिथे हवे तिथेच.

पडताळणी : ठरवलेला प्रकार टप्पा 1 मधील दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तराशी जुळतो का ते पाहावे. केवळ पहिल्या उत्तराशी, म्हणजे चालण्याच्या अंतराशीच जुळत असेल, तर वजनाचा निकष मागल्या दाराने आत शिरला आहे असे समजावे.

## टप्पा 4 : पाय आणि तळवे तपासणे

ग्राहक पाठ आणि बैठक पाहतात, पण खुर्ची जमिनीला जिथे टेकते तो भाग पाहत नाहीत. निम्म्याहून अधिक त्रास तिथूनच सुरू होतो, त्यामुळे या टप्प्यावर घाई करू नये.

रुतणे हे वजनावर अवलंबून नसून प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर येणाऱ्या दाबावर अवलंबून असते. माणूस, कपडे आणि खुर्ची मिळून 90 किलोचा भार धरू. पायांची टोके 2 सेंटिमीटर व्यासाची असतील, तर चारही मिळून सुमारे 12.6 चौरस सेंटिमीटर क्षेत्र होते आणि दर चौरस सेंटिमीटरवर सात किलोहून जास्त भार येतो. तेच तळवे 7 सेंटिमीटर व्यासाचे असले, तर क्षेत्र सुमारे 154 चौरस सेंटिमीटर होते आणि भार 0.6 किलोच्या आत येतो. व्यास साडेतीन पट झाला की दाब सव्वाबारा पटींनी उतरतो. हे सर्व चारही पायांवर सारखा भार असताना. पुढे वाकून काही उचलताना किंवा बाजूला झुकताना भार दोन पायांवर येतो आणि दाब दुप्पट होतो. म्हणूनच खुर्ची चौफेर रुतण्याऐवजी एका कोपऱ्याने रुतते आणि माणसाला कलंडवते.

तळवे मोठे असणे पुरेसे नाही, ते फिरते असावे लागतात. उतारावर न फिरणारा तळवा एका कडेवरच टेकतो आणि त्याचे सगळे क्षेत्र निरुपयोगी ठरते. तळवा हातात धरून सर्व दिशांना फिरवून पाहावा, मग तो पायातून उपसून निघतो का तेही जोर लावून पाहावे. चिखलातून खुर्ची उचलताना तळवा आतच राहणे ही नेहमीची तक्रार आहे. खिळ किंवा स्क्रूने अडकवलेला तळवा नुसत्या दाबून बसवलेल्या तळव्यापेक्षा चांगला.

पाय लांब-आखूड करण्याच्या यंत्रणा मुख्यतः दोन असतात. ठरावीक छिद्रांत बसणारी स्प्रिंगची गुंडी असेल, तर पाय ठरलेल्या अंतरांनीच सरकतो, पण एकदा बसला की घसरत नाही. फिरवून आवळायची मूठ असेल, तर हवी ती नेमकी उंची मिळते, मात्र वाळू किंवा चिखल आत गेला की पकड सुटते. वाळूच्या काठावर बसणाऱ्याने गुंडीची यंत्रणा घ्यावी. मुठीची घ्यायचीच असेल, तर पाय आवळून पूर्ण वजनाने खुर्चीत बसावे, उठावे आणि नळीवर पेन्सिलीने केलेली खूण सरकली का ते पाहावे.

उताराची मर्यादाही इथेच मोजून घ्यावी. पुढचे पाय पूर्ण लांब आणि मागचे पूर्ण आखूड केल्यावर दोहोंत जेवढा फरक पडतो, तेवढ्याच फरकाचा उतार ती खुर्ची सपाट करू शकते. पुढच्या-मागच्या पायांमधले अंतर 50 सेंटिमीटर आणि पायांतला फरक 15 सेंटिमीटर असेल, तर दर मीटरला 30 सेंटिमीटर उतरणारा काठ तिच्या आवाक्यात आहे. नेहमीचा काठ याहून तीव्र असेल, तर खुर्ची कितीही चांगली असली तरी ती त्या काठाची नाही.

इशारा : ओल्या खडकावर आणि लाकडी धक्क्यावर नियम उलटतात. तिथे रुतण्याचा प्रश्न नसतो, घसरण्याचा असतो. त्यामुळे कडक प्लॅस्टिकच्या रुंद तळव्यांपेक्षा रबरी टोके सुरक्षित. हलत्या नावेत उंच, अरुंद पायांची घडीची खुर्ची वापरू नये.

काठावर बसणाऱ्यासाठी आणखी एक बाब. माशांना शरीराच्या बाजूने जाणाऱ्या संवेदनरेषेमुळे पाण्यातली कंपने जाणवतात, आणि काठाच्या जमिनीवरची धडधड पाण्यात उतरते. उथळ पाण्याजवळ बसत असल्यास करकरणारी किंवा प्रत्येक हालचालीला टक्‌टक् वाजणारी खुर्ची केवळ कानाला त्रासदायक नसते.

## टप्पा 5 : सांगाडा तपासणे

ॲल्युमिनियमची घनता सुमारे 2.7 आणि पोलादाची सुमारे 7.85 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते, म्हणजे तेवढ्याच आकाराची ॲल्युमिनियमची नळी साधारण एक तृतीयांश वजनाची भरते. पण तिचा ताठपणाही साधारण एक तृतीयांशच असतो. त्यामुळे पोलादी खुर्चीच्याच मापाच्या नळ्या वापरून केलेली ॲल्युमिनियमची खुर्ची हलकी होते आणि लवलव करते. ही उणीव नळीचा व्यास वाढवून भरून काढता येते : भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, पण वाकण्याला होणारा विरोध सुमारे आठपट होतो. चांगल्या ॲल्युमिनियम खुर्चीच्या नळ्या म्हणूनच ठसठशीत दिसतात. बारीक नळ्यांची, ‘ॲल्युमिनियमची आणि नाजूक’ अशी दिसणारी खुर्ची पाहिली की हलकेपणा कुठून आणला ते लगेच कळते.

मोठ्या व्यासाच्या पातळ नळीला एक भय असते, ते म्हणजे पोचा. वाहनात सामानाखाली दबून नळीला पडलेला पोचा हा केवळ दिसण्याचा दोष नाही. नळी पुढे नेमकी तिथेच मुडपते. घडी केलेल्या खुर्चीवर जड पेटी ठेवण्याची सवय असणाऱ्यांनी पोलादी सांगाडा घ्यावा आणि वजन सोसावे.

मिश्रधातूचा क्रमांक दिलेला असेल, तर तो वाचावा. 7075 हा जस्तयुक्त मिश्रधातू 6061 पेक्षा बराच बळकट असतो आणि सुट्या दांड्यांच्या खुर्च्यांत त्यामुळे बारीक नळ्या चालतात. मात्र खाऱ्या पाण्यात तो 6061 पेक्षा लवकर खराब होतो आणि नेहमीच्या पद्धतीने त्याची वेल्डिंगही नीट होत नाही. समुद्रकाठी किंवा खाडीवर बसणाऱ्याने 6061 किंवा त्याच जातीचा, अॅनोडायझिंग केलेला (विजेच्या प्रक्रियेने वर संरक्षक थर चढवलेला) सांगाडा पसंत करावा. पोलादाच्या खुर्चीत पावडर कोटिंगचा रंग बाहेरून कितीही छान असला, तरी गंज सुरू होतो तो नळीच्या आतून, छिद्रांच्या कडांवर आणि ओरखड्यांवर. नळ्यांची उघडी तोंडे बुचाने बंद आहेत का आणि पाणी बाहेर पडायला खाली छिद्र आहे का, हे पाहावे.

सांधे शेवटी पाहावेत, पण बारकाईने. रिव्हेटने जोडलेला सांधा सैल झाला की घरी दुरुस्त होत नाही, नट-बोल्टचा सांधा आवळता येतो आणि बोल्ट बदलताही येतो. प्रत्येक सांध्यात धातू धातूवर घासतो आहे की मध्ये नायलॉनची चकती आहे, ते उघडझाप करून पाहावे. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस पोलादाचे बोल्ट असतील आणि खाऱ्या पाण्याचा संबंध येणार असेल, तर अशी चकती आवश्यकच आहे, कारण दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम भराभर झिजते. ॲल्युमिनियम वारंवारच्या ताणाने थकते आणि तडा बहुधा रिव्हेटच्या छिद्रापासून निघतो. पोलाद वाकून आधी सूचना देते, ॲल्युमिनियम तितकी देत नाही.

पडताळणी : खुर्ची उघडून सपाट फरशीवर ठेवावी. पाठीचे वरचे टोक दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवावे. थोडी लवचिकता चालते, पण हलवताना ‘खट्’ असा रिकामा झोल जाणवला, तर नव्या खुर्चीतच सांधा सैल आहे. वर्षभरात तो वाढणार.

## टप्पा 6 : कापड आणि शिवण

कापडाविषयी जाहिरातीत ‘600 डेनिअर’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. डेनिअर म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. हा आकडा धाग्याची जाडी सांगतो. वीण किती घट्ट आहे आणि शिवण कशी आहे, याबद्दल काहीच सांगत नाही. विरळ विणलेले 600 डेनिअरचे कापड घट्ट विणलेल्या 420 डेनिअरच्या कापडापुढे टिकेलच असे नाही.

धागा पॉलिएस्टरचा की नायलॉनचा, हा प्रश्न आकड्याहून महत्त्वाचा आहे. नायलॉन घासण्याला उत्तम तोंड देते, पण ओलावा शोषते आणि ओले झाले की ताणते. पावसानंतर बैठक झोळीसारखी लोंबू लागते ती यामुळे. पॉलिएस्टर ओलावा जवळजवळ घेत नाही आणि उन्हातही नायलॉनपेक्षा जास्त काळ टिकते. उन्हापावसात तासन्‌तास राहणाऱ्या खुर्चीला पॉलिएस्टर योग्य. जाळीचे कापड पाणी धरून ठेवत नाही आणि घामाला वाट देते, पण थंड वाऱ्यात तेच अंगावर येते. मऊ अस्तराची जाड गादी दुकानात मोहात पाडते; एकदा भिजली की ती वाळता वाळत नाही, वजन वाढवते आणि बुरशी धरते. गादी हवीच असेल, तर काढता येणारी घ्यावी.

कापड मधोमध क्वचितच फाटते. ते फाटते कोपऱ्यांवर, जिथे दांडीचे टोक खिशात बसते किंवा कापड नळीभोवती वळवून शिवलेले असते. कोपरा उलटून आतल्या बाजूने पाहावा. खिशाला दुसरा थर आणि बहुधा नेवारीची पट्टी असावी; शिवणीची दुहेरी ओळ असावी; पट्टीची टोके चौकट आणि आत फुली अशा शिवणीने बंद केलेली असावीत. नंतर शिवणीच्या दोन्ही बाजूंचे कापड धरून ताणावे आणि उजेडासमोर न्यावे. सुईच्या छिद्रांतून उजेडाचे ठिपके लांबट होऊन दिसू लागले, तर शिवण आत्ताच ताणाखाली आहे, आणि माणूस बसल्यावर ती छिद्रे एकमेकांना मिळायला वेळ लागणार नाही.

## टप्पा 7 : भारक्षमतेचा आकडा वाचणे

खुर्चीवर लिहिलेली कमाल भारक्षमता सहसा सपाट जमिनीवर, सावकाश ठेवलेल्या भारासाठी असते. काठावर माणूस सावकाश बसत नाही. एखादा भार अचानक सोडला, तर सांगाड्यावर येणारा ताण तोच भार सावकाश ठेवल्यावर येणाऱ्या ताणाच्या दुपटीपर्यंत जातो; धप्पकन बसणे म्हणजे याहूनही जास्त.

म्हणून हिशेब असा करावा : स्वतःचे वजन, त्यात भिजलेले कपडे, बूट आणि खिशातले सामान मिळवावे आणि बेरजेला सव्वाने गुणावे. 80 किलोच्या माणसाचे सामानासह 86 किलो झाले, तर त्याला 110 किलोच्या आसपास क्षमता असलेली खुर्ची हवी. 90 किलो क्षमतेची खुर्ची त्याला पेलेल, पण ती रोज आपल्या मर्यादेवर काम करील.

आकड्यासोबत चाचणीचे प्रमाणक दिले आहे का तेही पाहावे. शिबिरांत आणि घराबाहेर वापरायच्या खुर्च्या-टेबलांसाठी युरोपात ईएन 581 हे प्रमाणक आहे. आकडा कोणत्या चाचणीतून आला हे सांगणारा उत्पादक, नुसता मोठा आकडा छापणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासार्ह.

## टप्पा 8 : आता वजन

इथपर्यंत दोन-तीनच खुर्च्या उरलेल्या असतात, आणि वजनाने निवड करायची ती यांच्यातच.

जाहिरातीतले वजन पिशवी, पट्टा, खुर्चीचे काढता येणारे हात आणि गादी वगळून दिलेले असू शकते. खुर्ची पिशवीत भरून, ती खांद्याला लावून घरच्या वजनकाट्यावर उभे राहावे, मग तिच्याशिवाय. दोहोंतला फरक हेच खरे वजन. वजनाइतकाच घडीचा आकारही पाहावा. पाठीवर उंच आणि अंगालगत बसणारी पाच किलोची घडी सहज नेता येते, तर हातात धरून पायाला आपटत राहणारी चार किलोची सपाट घडी अर्ध्या वाटेतच नकोशी होते. खांद्याचा पट्टा रुंद असावा, आणि दोन्ही हात मोकळे राहिले तर उत्तमच, कारण रॉड, जाळे आणि आमिषाचा डबाही न्यायचा असतो.

अंतर खरोखर लांब असेल आणि खुर्ची जड असेल, तर हलकी खुर्ची शोधण्याआधी सामानाच्या पेटीतले नको ते काढून पाहावे. तिथून किलोभर सहज निघते.

## टप्पा 9 : बसून चाचणी, योग्य रीतीने

मिनिटभर बसून काही कळत नाही. मांडीखालचा दाब जाणवायला निदान पंधरा-वीस मिनिटे लागतात. दुकानदाराची परवानगी घेऊन तेवढा वेळ बसावे. या वेळात पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

1. पाठ पूर्ण टेकवून बसावे आणि मांडी व पुढची कड यांच्यात हाताचा पंजा सरकवावा. तो सहज गेला पाहिजे.
2. पाठीचा कोन बैठकीशी 100 ते 110 अंशांच्या आसपास, म्हणजे काटकोनापेक्षा थोडा मोकळा असावा. पाठ मागे झुकवता येत असेल, तर प्रत्येक कोनात मागे रेलून पुढचे पाय उचलले जातात का ते पाहावे. सपाट फरशीवर ते उचलले जात असतील, तर उतारावर पाण्याकडे पाठ करून बसणेही धोक्याचे.
3. रॉड किंवा तेवढ्या लांबीची काठी हातात घेऊन रिळाची मूठ फिरवण्याची हालचाल करावी. कोपर खुर्चीच्या हाताला लागत असेल, तर हात काढता किंवा मागे वळवता येणारी खुर्ची शोधावी.
4. एका हातात काठी धरून, दुसऱ्या हाताचा आधार न घेता उठावे.

चौथी चाचणी निर्णायक आहे. मासा गळाला लागतो तेव्हा हात मोकळे नसतात. खोलगट, खाली बसवणारी खुर्ची कितीही आरामशीर असली, तरी तिच्यातून उठताना पुढे झोका घ्यावा लागत असेल, तर तो झोका पाण्याच्या दिशेने असतो. गुडघ्याचे किंवा कमरेचे दुखणे असलेल्यांनी ही चाचणी तीन-चार वेळा करावी. पहिल्यांदा जमते ते चौथ्यांदा जमेलच असे नाही.

दूरस्थ खरेदी असेल, तर हीच चाचणी घरी, खुर्ची परत करण्याची मुदत संपण्याआधी आणि तळव्यांना माती लागण्याआधी करावी. वेष्टन फाडू नये, कापावे.

## टप्पा 10 : पहिली मांडणी आणि नंतरची निगा

काठावर गेल्यावर आधी चारही पाय पूर्ण आखूड करून खुर्ची ठेवावी, मग उतारानुसार पुढचे पाय लांब करावेत. सगळे पाय आधीच लांब करून ठेवले, तर पुढे वाढवायला जागा उरत नाही आणि खुर्ची उगाच उंच व डळमळीत होते. बैठक हाताने दाबून प्रत्येक कोपरा रुतू द्यावा, पुन्हा समतल करावी, आणि त्यानंतरच बसावे. घडी उघडताना बोटे सांध्यांत जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. चिमटा बसण्याचे प्रकार बसताना कमी आणि घाईने घडी करताना जास्त होतात.

इशारा : हलक्या खुर्चीला मोठी छत्री अडकवू नये. वाऱ्यात छत्री शिडाचे काम करते आणि माणूस उठला की खुर्चीसकट पाण्यात जाते. छत्रीला स्वतंत्र खुंटी असावी. सुट्या दांड्यांची खुर्ची तर छत्रीशिवायही वाऱ्याने उडते, म्हणून तिचा एक पाय दोरीने खुंटीला बांधून ठेवावा.

खाऱ्या पाण्याजवळून आल्यावर खुर्ची त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी, आणि त्यात पायांच्या आतल्या नळ्याही बाहेर ओढून धुवाव्यात. गोड्या पाण्याच्या काठावरून आल्यास चिखल वाळल्यावर ब्रशने झाडणे पुरते. कापड पूर्ण वाळल्याशिवाय घडी पिशवीत भरू नये. ओलसर पिशवीत बुरशी तर येतेच, शिवाय कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा जलरोधक लेप दमटपणाने चिकट होऊन सुटू लागतो. नळ्यांवर तेल लावू नये, त्यावर वाळू चिकटते आणि पकड घासते. सांध्यांना लावायचेच असेल तर सिलिकॉनचा कोरडा फवारा वापरावा.

हंगामाच्या मध्यावर एकदा बोल्ट आवळावेत, कोपऱ्यांचे टाके पाहावेत आणि रिव्हेटच्या छिद्रांभोवती नखाने चाचपून पाहावे. केसासारखी बारीक रेघ नखाला अडली, तर तो भाग बदलेपर्यंत त्या खुर्चीत बसू नये.